आवाजाच्या दिशेने

सोमवार, ३

आजपासून माझ्या तोंडाला कुलूप. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं. पुढच्या गुरुवारी काढायची. तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा उलट जास्त ओढला जातो म्हणे. गाठ कसली आहे, ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

आयुष्यभर पडद्यावरच्या बायकांच्या तोंडी शब्द घातले. परदेशी सिनेमातल्या राण्या, चेटकिणी, खाष्ट सासवा, एकदा तर बोलणारी गाय. डबिंग हेच माझं काम. आवाज गेला तर मी कोण, हा प्रश्न परत येताना सारखा पडत होता. आणि गाठ वाईट निघाली तर आवाजाचं काय घेऊन बसलीस, असं दुसरं मन म्हणत होतं. बोलता येत नाही म्हणून ही वही काढली. कुठेतरी ओतायला हवंच.

हे बाहेरच बसले होते. मी "आत चला ना" म्हटलं, तर भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत म्हणाले, "तू जा. मला त्या औषधांच्या वासाने मळमळतं." कान, नाक, घसा असं तिन्हींचं दुकान आहे या डॉक्टरांचं. निघताना ते बाहेर आले आणि यांच्या खांद्याला हात लावून हसत म्हणाले, "या काका, तुमचेही कान तपासून टाकू." तर हे ताडकन उठले आणि पाणी प्यायला निघून गेले. छापखान्यात धडधडणाऱ्या मशिनींवर तीस वर्षं फोरमन म्हणून हुकूम सोडलेला माणूस, आणि दवाखान्याला असा घाबरतो.

घरी आल्यावर मात्र स्वारी खुशीत. लगेच बाहेर जाऊन पांढरी पाटी आणि जाड पेन घेऊन आले. म्हणाले, "ह्याच्यावर लिहीत जा. ठळक लिही. आता कसं छान होईल आपलं." बायकोचं बोलणं बंद झाल्याचा एवढा उघड आनंद! पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, "लाज नाही वाटत?" वाचून खो खो हसले. असे कित्येक दिवसांत हसले नव्हते.

बुधवार, ५

आज यांनी कपाटाच्या वरच्या खणातून डिस्कचा तो जाडजूड खोका काढला. वरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि म्हणाले, "सगळे भाग बघूया. पहिल्यापासून. तुझी राणी बघायचीय मला."

तीन भागांची ती अद्भुत गाथा. दरवर्षी एक पाऊल पुढे सरकणारा डोंगर, त्याच्या पाठीवरचा किल्ला, गावोगावचे दिवे विझवत येणारं काळं सैन्य, आणि किल्ल्याची म्हातारी राणी. राणीचा आपल्या भाषेतला आवाज माझा. काम संपल्यावर स्टुडिओने हा खोका भेट दिला होता. थिएटरात बघायला गेलो तेव्हा राणी गरजली की हे शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, "ही आमची." मी खुर्चीत लाजून चूर.

प्लेअर म्हातारा झालाय. कप्पा अर्धाच बाहेर येतो, बोटाने ओढून काढावा लागतो. डिस्क मधून बाहेरच्या दिशेने पुसायची असते, गोल गोल नाही, असं पाटीवर लिहून दाखवलं. मान डोलावली आणि गोल गोलच पुसली.

सोफा सोडून स्टूल घेऊन पडद्याला नाक लावून बसले. आवाज इतका मोठा की खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बेल वाजली, ती मीच उठून उघडली. वरच्या मजल्यावरच्या काकू. "अगं, खाली युद्ध पेटलंय की काय? माझ्या कपाटातल्या बश्या नाचतायत!" मी हात जोडले, घशाकडे बोट दाखवलं. काकूंनी आत डोकावून बघितलं. यांनी मान वळवली नाही. "रंगलेत बाई तुझे हे," म्हणाल्या आणि गेल्या.

रंगलेच होते. राणी बोलायला लागली की अंग पुढे झुकवून, श्वास रोखून बसायचे. आधी मला बरं वाटलं. मग विचार आला की हे आत्ताच का? खोका किती वर्षं तिथेच पडून होता, तेव्हा नाही सुचलं. माणूस जायच्या वाटेवर असलं की घरचे त्याचे फोटो काढून बसतात. माझे फोटो काय बघायचे, माझा आवाजच बघायचा. डॉक्टर यांच्याशी मला न सांगता काही बोलले तर नसतील?

शुक्रवार, ७

आज कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी पाटीवर आणि हे तोंडाने.

दुसरा भाग लावला. थोड्या वेळाने म्हणतात, "खाली अक्षरं लाव ना." मी लिहिलं, "मी आपल्या भाषेतच बोलतेय!" तर म्हणतात, "लाव गं. तोंड एक बोलतंय आणि शब्द दुसरेच. ओठ जुळत नाहीत."

ओठ जुळत नाहीत! परक्या माणसाने म्हटलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. या राणीचे ओठ पकडायला मी जीव काढलाय. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले की तिथे आपलाही असाच मिटणारा शब्द बसायला हवा, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. एकेका वाक्यासाठी अर्धा दिवस शब्द शोधत बसायचो आम्ही. मिटतात तिथे मिटवलेच, पण बाकीचं तोंड तर परक्या भाषेतच हलणार. ते कुणाच्या लक्षात येत नाही, आवाज कानात भरला की डोळे माफ करतात. यांचे कसे करत नाहीत?

आणि म्हणणारं कोण, तर हे! छापखान्यात मशिनी चालू असताना कोणी कोणाचं ऐकू शकत नसे, सगळे ओठांवरूनच बोलत. हे तर हॉलच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाचा माणूस कागद मागतोय की आपल्या नावाने खडे फोडतोय, ते सांगायचे. ओठ वाचण्यात यांचा हात धरणारा नव्हता. त्याच माणसाने माझं काम असं मोडीत काढावं?

मी अक्षरं लावून दिली आणि फुगून बसले.

मग धुक्याचा प्रसंग आला. माझं नाव ज्याने झालं तो. सैन्य राखेच्या धुक्यात वाट चुकलंय, समोरचा हात दिसत नाही. राणी तटावर उभी, राख नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडावर शाल घट्ट गुंडाळलेली, नुसते डोळे दिसतात. आणि ती हाका मारते, "मी इथे आहे. आवाजाच्या दिशेने या." एकेक शिपाई चाचपडत तटाशी येतो. तिथे तोंड दिसत नसल्याने ओठांचं बंधन नव्हतं. मी डोळे मिटून, पोटातून हाका मारल्या होत्या. रेकॉर्डिंग संपल्यावर काचेपलीकडची माणसं उभी राहिली होती.

या डिस्कवर नेमकी त्याच प्रसंगाला खालची अक्षरं येत नाहीत. हाकांना काय अक्षरं द्यायची, असं वाटलं असेल कुणाला. हे थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. इकडे सरकले, तिकडे सरकले. मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. प्रसंग संपल्यावर परत आले आणि विचारलं, "झालं का?"

मला रडू आलं. त्यांना ऐकवलं नाही, हे उघड आहे. जिचा आवाज जाणार तिच्या हाका कोण ऐकत बसेल? अबोला धरायची सोय नाही, आधीच मुकी आहे. पाटी उलटी करून ठेवली.

रविवार, ९

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, रविवारी करतेच. यांनी फोन घेतला, "हं, हं, बरी आहे, घे आईशी बोल," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. माझ्या! मी फोन कानाला लावून भुतासारखी उभी. पलीकडे लेक हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाली, "आई, बाबांचं काय चाललंय? हल्ली फोनवर दोन वाक्यंसुद्धा बोलत नाहीत माझ्याशी. काही लपवताहेत का तुम्ही?" मी फोन बंद केला आणि तिला लिहून कळवलं की सगळं ठीक आहे. ती म्हणते, मी येते. मी लिहिलं, ऑपरेशन किरकोळ आहे, तू परीक्षांचे पेपर तपास.

संध्याकाळी दूध उतू गेलं. हे ओट्याशी पाठ करून उभे, हातभर अंतरावर पातेलं फसफसतंय, शेगडी विझली, यांना पत्ता नाही. मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा दचकले. चेहरा असा झाला की मला ओरडायचं होतं तेही विसरले. काळजीने माणूस आतून पोखरलाय. माझ्याइतकंच घाबरलंय कोणीतरी, याचा आधार वाटावा की भीती, कळत नाही.

बुधवार, १२

उद्या. भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

शनिवार, १५

घरी आहे. घशात काटे. अजून आठवडाभर बोलायचं नाही.

गुरुवारचं लिहून ठेवते, कारण डोक्यातून जात नाहीये. शुद्धीवर आले तेव्हा दाराच्या काचेतून बाहेरचा बोळ दिसत होता. डॉक्टर ऑपरेशनच्या कपड्यांतच, तोंडावर मास्क, यांच्याशी बोलत होते. बरंच बोलले. हे मान हलवत होते. एकदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी खांद्यावर थोपटलं आणि घाईने गेले. त्यानंतर हे तिथेच उभे. रंग उडालेला. भिंतीला हात लावून किती तरी वेळ आत आलेच नाहीत.

आत आल्यावर मी पाटी मागितली. "काय म्हणाले?"

"झालं म्हणाले. नीट झालं."

"गाठ कसली?"

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे. बघू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना खोटं बोलता येत नाही. सुट्टी देताना दुसऱ्याच तरुण डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. त्याला विचारता आलं असतं, पाटी हातातच होती. विचारलं नाही. पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. एवढा वेळ बोलून, शेवटी खांद्यावर थोपटतात ते कसल्या बातमीला? मला सांगायची यांच्यात ताकद नाही आणि ऐकायची माझ्यात नाही.

मंगळवार, १८

कपाटं आवरली. कोणती साडी लेकीला, कोणती काकूंना, मनात वाटून टाकलं. नंतर स्वतःचाच राग आला आणि सगळ्या घड्या मोडून परत कोंबल्या.

हे सकाळी "दवाखान्यात जाऊन येतो, रिपोर्टचं विचारतो," म्हणून गेले. तासाभराने घामाघूम होऊन आले. "डॉक्टर नव्हते," म्हणाले आणि चप्पल काढता काढता माझी नजर चुकवली. विचारून आले आहेत आणि सांगत नाहीत. हात दाबून धरावेत, गदागदा हलवावं, असं वाटतं. पण हलवल्यावर खरंच बोलले तर?

दुपारी तिसऱ्या भागाची पहिली डिस्क लावली. मी चहा घेऊन आले तर हे जमिनीवर बसलेले, टीव्हीशेजारच्या मोठ्या स्पीकरवर तळहात टेकवून. तापाने फणफणलेल्या मुलाच्या छातीवर ठेवावा तसा. राणीचं बोलणं सुरू झालं की हात घट्ट दाबायचे. डोळे मिटलेले. मी कप दारातच ठेवून परत फिरले. माणूस मला साठवून ठेवतोय. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध बघावं तसं वाटलं.

शुक्रवार, २१

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी तपासणीला गेलो. दवाखान्यात नावं पुकारणारी बाई मला बघून म्हणाली, "काका मंगळवारी आले होते ना? डॉक्टर आतच होते. मी दोनदा विचारलं काय काम आहे, तर काही न बोलता निघून गेले." मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्या शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते, जसं काही आपल्याबद्दल बोलणं चालूच नाही. काय निगरगट्टपणा, असं आलं मनात.

बाईने माझं नाव पुकारलं. मी उठले, हे उठले नाहीत. एकदा वळून बघितलं, तेव्हा मान खाली घालून बोटं मोडत होते. मग मी एकटीच आत गेले. डॉक्टरांनी काही म्हणायच्या आतच पाटी पुढे केली. घरूनच लिहून आणली होती. "खरं सांगा. किती दिवस?"

डॉक्टरांनी पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. "कशाला किती दिवस?"

मी गाठीकडे, म्हणजे घशाकडे बोट केलं.

"अहो ताई, साधी गाठ होती! आवाज ताणणाऱ्या लोकांना होते तशी. मी ऑपरेशन झाल्या झाल्या काकांना सविस्तर सांगितलं की काळजीचं कारण नाही, निवांत राहा. रिपोर्टही तसाच आलाय. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

डॉक्टर म्हणाले, "आता बोला. हळू, थोडंच. आ म्हणा." मी आ म्हटलं. आलेला आवाज माझा नव्हता. खरखरीत, रुंद, कुठल्या तरी जाड्या बाईचा. डॉक्टर म्हणाले, बराचसा सुधारेल, पण थेट पूर्वीसारखा होईल याची खात्री देत नाही. जगणार आहे हे कळल्यावर त्याचंही एवढं काही वाटलं नाही.

बाहेर येईपर्यंत अंगाचा नुसता तिळपापड. आठवडाभर! आठवडाभर या माणसाने मला मरणाच्या दारात बसवून ठेवलं आणि स्वतः सिनेमा बघत बसला. मला बघून हे उठले. "काय म्हणाले?" ओठ थरथरत होते. काय पण नाटक, असं वाटलं. मी उत्तर दिलं नाही. पाटीवरही काही लिहिलं नाही. घरापर्यंत पुढे पुढे चालत आले, हे मागून. घरी येऊन भांडी आपटली. एवढी आपटली की वरून काकूंनी "काय झालं गं?" म्हणून विचारलं. बाहेरच्या खोलीतून मात्र कोणी काही विचारलं नाही.

थोड्या वेळाने सिनेमाचा आवाज सुरू झाला. म्हटलं, आता तोंडावर बोलते, पाटी नको नि काही नको.

दारात आले. दुसरा भाग लावला होता, धुक्याचा प्रसंग. ज्याच्यातून उठून गेले होते तोच, आज आपणहून काढलेला. पडद्यावर राणी, तोंडावर शाल. हे जमिनीवर माझ्याकडे पाठ करून, दोन्ही तळहात स्पीकरवर, कपाळही त्याच्यावरच टेकलेलं. खांदे हलत होते. मी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

राणी मुकी झाली. शिपाई मुक्यानेच चालत राहिले.

हे वळले नाहीत. तळहात उचलून हाताकडे बघितलं. परत स्पीकरवर ठेवले, जोरात दाबले. एक बोट त्याच्या कडेवर टकटक वाजवून बघितलं.

मी म्हटलं, "अहो."

ऑपरेशननंतर यांच्यासाठीचा माझा पहिला शब्द. हे स्पीकरची वायर चाचपत होते. वाटलं, माझा आवाज निघालाच नाही. मग मोठ्याने म्हटलं, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तेवढ्या मोठ्याने. "अहो! मी इथे आहे!" वरून काकूंचा आवाज आला, "बोलायला लागलीस? अगं बाई, छान झालं!"

हे वायर चाचपतच होते.

दाराची चौकट धरून उभी राहिले. शाल. मास्क. फोन. दूध. स्टूल ओढून माझ्या नाही, राणीच्या ओठांकडे बघत बसणं. पाटी आणल्यावरचा तो आनंद. सगळं एकदम अंगावर आलं. मी जन्मभर दुसऱ्यांचे ओठ बघून जगले आणि घरात एक माणूस माझे ओठ बघून जगतोय, हे मला दिसलं नाही. रागाचं काय झालं कोण जाणे, नुसती भीतीच उरली, पण आता ती माझ्यासाठी नव्हती.

आणि मग लक्षात आलं की यांना अजून कळलेलंच नाही. डॉक्टर मास्कमधून काय बोलले हे यांना माहीत नाही. परत विचारायची लाज वाटली, मंगळवारीही दारातूनच परत आले. मी आज तोंड फुगवून पुढे पुढे चालत आले. हा माणूस या क्षणी, इथे बसून, मी मरणार असं समजतोय.

मी जाऊन पडद्याच्या आणि यांच्या मधे बसले. दचकले. डोळे लाल. मी दिव्याच्या उजेडात चेहरा धरला, तोंडावर आलेले केस मागे सारले, आणि ओठ नीट मिटतील असे शब्द निवडले.

"मी बरी आहे."

ओठांकडे बघत राहिले. म्हणाले, "परत म्हण."

"मी बरी आहे. साधी गाठ होती. मी मरत नाही."

"परत," म्हणाले. परत म्हटलं. मग माझा हात धरला. लहान मुलासारखं विचारलं, "आला का गं आवाज?"

मी मान डोलावली.

"पहिल्यासारखाच?"

घशात खरखर होत होती. मी हळू, ओठ स्पष्ट दिसतील असं म्हटलं, "अगदी पहिल्यासारखा."